पहिली चार पानं सोड!

खरं खरं सांगा, तुमच्या कपाटात आत्ता किती स्पायरल बाइंडिंग पडलेली आहेत? तीच ती, वर पारदर्शक प्लास्टिक, मागे निळा किंवा गुलाबी पुठ्ठा आणि मधे कुणाचं तरी अख्खंच्या अख्खं पुस्तक! माझ्याकडे सात आहेत. पुण्यात आल्यापासून पाच घरं बदलली, दोन रूममेट्सची लग्नं झाली, एक सोफा विकला. पण ही स्पायरल्स काही सुटली नाहीत. ओरिजिनल पुस्तकं मैत्रिणी नेतात आणि परत करत नाहीत. झेरॉक्स मात्र कुणी मागत नाही. ती आपली निमूटपणे आपल्यासोबत म्हातारी होत राहते.

ही सगळी भंडाऱ्याची देणगी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत भंडाऱ्यात एसटी स्टँडकडून येताना झेरॉक्सची दुकानं ओळीनं लागायची. ‘येथे झेरॉक्स, लॅमिनेशन, स्टॅम्प पेपर व पासपोर्ट फोटो मिळतील.’ आमचा भाऊ ठरलेला. भाऊ म्हणजे दुकानदार. त्याचं खरं नाव चार वर्षांत कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात लोडशेडिंगचं टाइमटेबल आम्हाला परीक्षेच्या टाइमटेबलपेक्षा जास्त पाठ असायचं. बाराला लाईन जाणार म्हणजे साडेअकराच्या आत साडेतीनशे पानं मशीनमधून निघालीच पाहिजेत! मशीन तापायचं, कागद अडकायचा, भाऊ झाकण उघडून आत फुंकर मारायचा आणि आम्ही पाचजणी घामाघूम होऊन पुस्तक धरून उभ्या. ते पुस्तकही लायब्ररीचं, दुसऱ्याच कुणाच्या तरी कार्डावर काढलेलं, संध्याकाळी पाचपर्यंत परत करायचं.

आणि ऑर्डर देताना एक मंत्र ठरलेला : ‘भाऊ, बॅक-टू-बॅक मार आणि पहिली चार पानं सोड!’

पहिली चार पानं म्हणजे काय? एक नावाचं पान, एक ते बारीक अक्षरातलं आवृत्ती-प्रकाशक-मुद्रक वगैरे, एक अर्पणपत्रिका आणि एक लेखकाचं मनोगत. परीक्षेत यातलं काहीच येत नाही. चार पानं वाचली की अर्ध्या चहाचे पैसे सुटायचे. हिशेब एकदम क्लिअर!

तेव्हा आम्हाला कुणालाच आपण काही चुकीचं करतोय असं वाटलं नव्हतं. परदेशी लेखकाचं पुस्तक, किंमत आमच्या महिन्याच्या मेसच्या बिलाएवढी, लायब्ररीत दोन कॉप्या आणि वर्गात साठ पोरं. करणार काय? आजही कुणी ‘ती चोरी होती’ म्हणालं तर मी तावातावानं भांडेन. आणि माझ्या बाजूनं मी एक भारी साक्षीदार उभा करेन. तो म्हणजे झेरॉक्सचा जन्मदाता स्वतः!

चेस्टर कार्लसन. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करायचा आणि रात्री लॉ कॉलेजला जायचा. कायद्याची जाडजूड पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून बिचारा पब्लिक लायब्ररीत बसून पानंच्या पानं हातानं उतरवून काढायचा. बोटं दुखायला लागली, डोळे दमले आणि डोक्यात आलं, हे काम यंत्रानं का होऊ नये? २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यानं पहिली कोरडी कॉपी काढली. पुढे २१ वर्षांनी, १९५९ मध्ये, झेरॉक्स ९१४ हे ऑफिसात वापरता येईल असं मशीन बाजारात आलं. म्हणजे बघा, ज्या मशीननं आमच्या पिढीला पास केलं त्याची आयडियाच मुळी पुस्तक न परवडणाऱ्या एका विद्यार्थ्याला सुचलेली! भाऊच्या दुकानात कार्लसनचा फोटो लावायला हवा होता, उदबत्तीसकट.

दुसरा साक्षीदार आपल्याच देशातला आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नावाचं छोटंसं दुकान. प्राध्यापक वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं नेमून द्यायचे, दुकानदार त्यांचे गठ्ठे करून विद्यार्थ्यांना पानामागे ४० पैशांच्या आसपास दरानं द्यायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दुकान आणि दिल्ली विद्यापीठ दोघांनाही कोर्टात खेचलं. नुकसानभरपाई मागितली ६० लाखांची! चाळीस पैसे विरुद्ध साठ लाख. सिनेमा निघावा अशी केस. विद्यार्थी रस्त्यावर आले. गंमत म्हणजे ज्यांच्या पुस्तकांवरून हे भांडण चाललं होतं त्यातलेच काही लेखक प्रकाशकांच्या विरोधात आणि पोरांच्या बाजूनं उभे राहिले.

१६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला तो विद्यार्थ्यांच्या बाजूनं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ साधा होता : लायब्ररीत बसून पोरानं हातानं उतरवून घेतलेलं चालत होतं, तर तेच काम यंत्रानं केल्यावर गुन्हा कसा होईल? (कार्लसन ऐकतोयस ना बाबा?) डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानंही शिकवण्यासाठी लागणारा मजकूर कॉपी करायला कायद्यात मुभा आहे हे मान्य केलं. अमुक इतके टक्केच पानं, अशी टक्केवारीची मोजपट्टी लावली नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

झालं! म्हणजे आपण सुटलो? सातही स्पायरल्स निर्दोष?

मलाही तसंच वाटायचं. मग माझ्या आयुष्यात गुरुजींचं पुस्तक आलं.

आमच्या मावशीकडे एक पातळसं पुस्तक होतं. झाडीपट्टीतल्या बायकांच्या तोंडची लग्नातली गाणी, म्हणी, उखाणे आणि धानाच्या शेतीतले शब्द. भंडाऱ्याकडच्या एका रिटायर्ड मास्तरांनी वीस-बावीस वर्षं गावोगाव सायकलवर फिरून जमवलेले. आमच्याकडची बोली म्हणजे झाडीबोली, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा शब्दकोश केला, तिचं साहित्य मंडळ आहे, संमेलनं भरतात. पण पुण्यात बसून हे कुणाला सांगायचं? इथे आम्ही ‘विदर्भातले’ म्हणजे ‘नागपूरचे’, आणि नागपूर म्हणजे संत्री. विषय संपला! त्या पुस्तकात मला माझ्या आजीचे शब्द सापडले. रोवणी, पऱ्हे, बांधी, दंडार... पान उलटत गेले आणि कितीतरी वर्षांनी आजीचा आवाज कानात आला. डोळ्यांत टचकन पाणी.

पुस्तक मावशीचं, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेलं. ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी शोधलं, कुठेच नाही. पुण्यातल्या एका दुकानात विचारलं, त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, आउट ऑफ प्रिंट दिसतंय. मग काय, मोबाइलमध्ये स्कॅनर, रविवारची दुपार आणि जुनी सवय! १४० पानं स्कॅन केली, पहिली चार सोडून. पीडीएफ केली आणि ‘भंडारेकर इन पुणे’ छापाच्या आमच्या १८० जणांच्या ग्रुपवर टाकून दिली. वर एक भावुक मेसेज : ‘आपली बोली, आपला ठेवा, जास्तीत जास्त शेअर करा.’

काय हिट गेली म्हणता! बदाम, टाळ्या, रडणारे चेहरे. त्याहून भारी म्हणजे लोक भर घालायला लागले. ‘आमच्या लाखांदूरकडे याला असं म्हणतात.’ ‘माझ्या आईला या गाण्याची अजून दोन कडवी येतात, रेकॉर्ड करून टाकतो.’ ‘हा शब्द तुमसरकडे वेगळाच आहे.’ आठवडाभर हेच. मी स्वतःवर जाम खूश. संस्कृती वाचवली ना मी, घरबसल्या!

दिवाळीत घरी गेले तेव्हा मावशी म्हणाली, ते मास्तर इथेच तर राहतात, जाऊन ये की. मी गेले. पीडीएफची प्रिंट काढून स्पायरल केलेली प्रत सोबत घेतली. सही घ्यायला! आता लिहितानाही कानशिलं गरम होतात, पण तेव्हा त्यात काही विचित्र आहे हे मला सुचलंसुद्धा नाही.

गुरुजींनी चष्मा लावला, स्पायरल हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

‘हे तं माझंच पुस्तक आहे बेटा. पन एवढं मोठ्ठं कसं झालं?’

मी सांगितलं. मिळत नव्हतं, म्हणून स्कॅन केलं, ग्रुपवर टाकलं, लोकांना खूप आवडलं. गुरुजी शांतपणे ऐकत होते. मग उठले, वाकले आणि पलंगाखालून एक गठ्ठा ओढला. सुतळीनं बांधलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मागे अजून गठ्ठे होते.

‘पाचशे छापले होते. तीनशेच्या वर हे इथंच आहेत. किंमत एकशेवीस. तू मले एक फोन केला असता तं मी तुले तशीच एक पाठवली असती न.’

‘पण गुरुजी, मला तुमचा नंबर कुठे माहीत होता?’

त्यांनी गठ्ठ्यातून एक प्रत काढली. उघडली. दुसरं पान. पत्ता, फोन नंबर. आणि त्याच्या वर ते छोटंसं गोलातलं ‘सी’ चिन्ह आणि पुढे काकूंचं नाव.

पहिली चार पानं!

मराठी पुस्तकांत ही एक गोड पद्धत आहे, तुम्ही कधी बघितली नसेल कारण ते पान कुणीच वाचत नाही. लेखक कितीतरी वेळा पुस्तकाचे हक्क बायकोच्या नावावर करतो. गुरुजींच्या बाबतीत त्याला कारणही होतं. छपाईचे पैसे काकूंच्या भिशीतून आले होते. चहा घेऊन त्याच बाहेर आल्या. मी संकोचानं म्हटलं, ‘काकू, सॉरी, तुमचंच नुकसान केलं मी.’ तर हसून म्हणाल्या, ‘कायचं नुकसान बाई, तसे बी विकल्या कुठं जात होते!’ ही मात्र मला जोरात लागली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण खरी ठेच पुढेच होती. चौथ्या पानावर गुरुजींचं मनोगत. त्याच्या शेवटी त्यांनी वाचकांना विनंती केलेली : हे काम अपुरं आहे, तुमच्या गावचा वेगळा शब्द असेल, गाण्याचं सुटलेलं कडवं असेल, तर खालच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या आवृत्तीत घालीन. इतक्या वर्षांत त्यांना किती पत्रं आली? अकरा. त्यांनी ती फाइलला लावून ठेवली होती. आणि इकडे पुण्यात १८० लोक आठवडाभर तेच शब्द, तीच कडवी एका ग्रुपवर ओतत होते, बदाम टाकत होते आणि पुढच्या सोमवारी विसरून गेले होते. कारण कुठे कळवायचं ते लिहिलेलं पान मी वाचवलं होतं. अर्ध्या चहाच्या सवयीनं.

पुण्यात परत आल्यावर मी पहिल्यांदा कॉपीराइटचा कायदा नीट बसून वाचला. घाबरू नका, बोअर करणार नाही. तीनच गोष्टी सांगते.

एक म्हणजे आपला कायदा १९५७ चा आहे आणि वाटतो तितका खडूस नाही. त्याचं कलम ५२ म्हणजे अपवादांची मोठी यादी. स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी प्रमाणात कॉपी केली तर ते उल्लंघन होत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांना शिकण्या-शिकवण्यासाठी वेगळी सवलत आहे. अंध किंवा छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी त्यांना वापरता येईल अशी प्रत करायची सवलत २०१२ च्या दुरुस्तीनं स्पष्टपणे आली. पण ‘वाजवी’ या शब्दावर सगळं अडतं. दोन प्रकरणं वेगळी आणि अख्खं पुस्तक वेगळं. दिल्लीच्या केसमध्येसुद्धा अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स चालते का, हा प्रश्न खंडपीठानं पुन्हा सुनावणीसाठी पाठवला होता. प्रकाशकांनी दावाच मागे घेतल्यानं त्याचं उत्तर राहून गेलं. म्हणजे माझी सात स्पायरल्स ‘निर्दोष’ नाहीत, नुसती ‘सुनावणी बाकी’ आहेत!

दुसरं, स्वतःसाठी कॉपी करणं आणि ग्रुपवर टाकणं हे एकच नाही. १८० लोकांना पाठवलेली पीडीएफ ‘खासगी वापर’ कशी होणार? हेतू चांगला होता, पैसे कमावले नाहीत, हे खरं. नफ्याचा हेतू नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, तशी तरतूद आहे. पण मूळ शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. स्पर्धा परीक्षांच्या नोट्स टेलिग्रामवर फिरवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. एका इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंची पुस्तकं आणि लेक्चर्स टेलिग्रामवर सर्रास फिरत होती. त्या कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं कंपनीला ते चॅनेल चालवणाऱ्यांचे तपशील द्यायला लावले. टोपणनावानं लपता येतं या भ्रमात राहू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. कॉपीराइटसाठी कुठे रजिस्टर करावं लागत नाही. लिहिलं की हक्क जन्माला आला. त्यामुळे ऑक्सफर्डला जो कायदा, तोच पलंगाखाली गठ्ठे ठेवणाऱ्या गुरुजींना. कायदा दोघांना सारखंच मोजतो. फरक आपण करायचा असतो, आणि आपण तो नेमका उलटा करतो! ऑक्सफर्डशी भांडायला दिल्लीत वकील होते, मोर्चे होते, वर्तमानपत्रं होती. ऑक्सफर्डला आपल्या झेरॉक्सनं फारसं काही होणार नव्हतं. गुरुजींच्या वतीनं कुणीच उभं नव्हतं. तिथे एका पीडीएफनं पुढची आवृत्ती बुडू शकते.

पण थांबा, नाण्याला दुसरी बाजूही आहे. ‘कॉपी करूच नका’ असा उपदेश करून मी निघून गेले तर तेही खोटंच होईल. कारण कॉप्या झाल्या म्हणूनच आपली कितीतरी मराठी शिल्लक राहिली. चक्रधरस्वामींचा एक शिष्य नीळभट्ट भांडारेकार, आपल्या भंडाऱ्याचा. ज्या ‘लीळाचरित्रा’त ही माणसं भेटतात त्याची मूळ पोथी म्हाइंभटानंतरच्या धामधुमीत गेली. महानुभावांनी ती आठवून आठवून पुन्हा लिहून काढली, नकला केल्या, म्हणून आज ती वाचता येते. आणि याच मंडळींनी पुढे सकळ लिपी नावाची सांकेतिक लिपी वापरून आपले ग्रंथ बाहेरच्यांपासून झाकूनही ठेवले. जपायलाही नक्कल आणि झाकायलाही कुलूप. आजच्या पीडीएफ आणि पासवर्डची गोष्ट आपल्याकडे सातशे वर्षं जुनी आहे.

कायद्यालाही हे कळतं. जे पुस्तक भारतात विकत मिळतच नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करू शकतं, असं कलम ५२ मध्येच लिहिलंय. आणि हक्कालाही मुदत आहे. लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. मग पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो, आणि छापतात. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. म्हणजे विदर्भात घरोघरी असलेल्या ‘ग्रामगीते’ची मुदत २०२८ च्या डिसेंबरअखेर संपते.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५४ मध्ये आमच्या भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ही गोष्ट आमच्याकडची जुनी माणसं आजही खाली मान घालून सांगतात. त्यांनी ‘जातिसंहार’ म्हणून मराठीत ओळखलं जाणारं ते न दिलेलं भाषण १९३६ मध्ये स्वतःच्या खर्चानं छापलं होतं. म्हणजे तेही एका अर्थी गुरुजींच्याच पंगतीतले, स्वतः छापणारे लेखक! १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणाचे हक्क २०१६ च्या शेवटी संपले. पण जे लिखाण त्यांच्या मागे पहिल्यांदा छापलं गेलं त्याची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून त्यांचे खंड काढले, त्यातला ‘रिडल्स’चा खंड १९८७ चा. त्याचा हिशेब थेट २०४७ पर्यंत जातो. बरं, हक्क सरकारकडे असोत की सगळ्यांकडे, पुस्तक दुकानात मिळायला नको का? सरकारी खंडांची छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या खंडासाठी माणूस वर्षभर फेऱ्या मारतो आणि ‘स्टॉक नाही’ ऐकतो, त्यानं मित्राच्या खंडातली पानं झेरॉक्स केली तर त्याला चोर म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

मग आपल्यासारख्यांनी करायचं काय? मी माझ्यापुरते चार नियम केलेत. पटले तर घ्या.

पुस्तक कॉपी करण्याआधी ‘विकत मिळतं का?’ हा प्रश्न खरोखर विचारायचा. ऑनलाइन नाही म्हणजे जगात नाही, असं नसतं. मराठीतली कितीतरी पुस्तकं पलंगाखाली, माळ्यावर, लेखकाच्या दारामागे असतात.

मिळत असेल आणि परवडत असेल, तर घ्यायचं. आपण वीकेंडला एका कॉफीला दोनशे रुपये देतो. गुरुजींचं पुस्तक एकशेवीस होतं. इथे परवडत नाही हे कारण आपल्याला शोभत नाही. ते कॉलेजमधल्या पोरांसाठी राखून ठेवूया.

मिळत नसेल तर हवी तेवढीच पानं, स्वतःपुरती. अख्खं पुस्तक पसरवायचं असेल तर आधी एक फोन. बहुतेक लेखक हो म्हणतात. छोट्या पुस्तकांच्या लेखकांना तर कुणी विचारलं याचाच आनंद जास्त होतो.

आणि काहीही करा, पहिली चार पानं सोडू नका. कुणी लिहिलं, कुणी छापलं, हक्क कुणाचा आणि कळवायचं कुठे, हे त्या चार पानांत असतं. ती कापली की पुस्तक अनाथ होतं. वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना शोधत राहतात, आणि मधे आपण ‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणत उभे.

गुरुजींच्या घरून निघताना मी दहा प्रती घेतल्या, पैसे काकूंच्या हातात दिले. हक्क त्यांचा, पैसेही त्यांचे. त्याच रात्री ग्रुपवर मी माफीचा मेसेज टाकला. काय झालं ते सगळं लिहिलं, गुरुजींना विचारून त्यांचा नंबर दिला आणि खाली त्या चार पानांचे फोटो. पीडीएफ काढून टाका असं म्हटलं, पण ती केव्हाच ग्रुपच्या बाहेर गेली होती. मला स्वतःलाच ती मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून आली, तोच भावुक मेसेज वर चिकटलेला! ती आता परत येणार नाही. फिरत राहील, पत्त्याशिवाय.

पण ग्रुपवरच्या ६४ जणांनी पुस्तक मागवलं. नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दोन खोकी आली, माझ्या हॉलमधून वाटली गेली. काही मागवणाऱ्यांनी तर पीडीएफ आधीच वाचलेली होती. त्यांना फक्त पुस्तक हवं होतं, आजीच्या फोटोशेजारी ठेवायला. आणि लाखांदूरवाल्यानं आईच्या आवाजातली ती दोन कडवी गुरुजींना पाठवली. काकूंनी नातवाकडून फोनवर लावून घेतली आणि त्यांना त्यातलं तिसरं कडवं आठवलं!

पलंगाखाली अजून दोनशेच्या वर प्रती आहेत. दुसऱ्या आवृत्तीची वही मात्र गुरुजींनी उघडली आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता.

‘बेटा, एक इचारायचं होतं. या खेपेले मनोगत मागं टाकू का? शेवटच्या पानावर? म्हंजे झेरॉक्समंधी तरी येईन.’

मी म्हटलं, ‘नाही गुरुजी. पुढेच राहू द्या. आता आम्ही वाचू.’